ट्रॅकेबल हाती लागलं, आता पुढे काय? नव्या जिओकॅशरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेले डबे जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ, आणि तो खेळणारा तो जिओकॅशर. डबा सापडला, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहून झालं, आणि डबा बंद करता करता तळाशी बारीक मण्यांच्या साखळीत अडकवलेली एक धातूची पट्टी दिसली. पट्टीवर काही अक्षरं-आकडे ठोकलेले, सोबत एखादं छोटं खेळणं किंवा किल्ल्यांची कडी. उचलावं की नाही? उचललं तर कुणाला सांगायचं? जवळपास प्रत्येक नवा जिओकॅशर इथे अडखळतो. मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ट्रॅकेबल म्हणजे नक्की काय?

ट्रॅकेबल म्हणजे स्वतःचा वेगळा कोड असलेली वस्तू. लोकांच्या हातून एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये प्रवास करत राहायचं, एवढंच तिचं काम. (कॅश म्हणजे इथे रोख पैसे नव्हेत, लपवून ठेवलेला साठा, म्हणजेच तो डबा.) कोड जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकला की त्या वस्तूचं पान उघडतं. मालक कोण, ती कुठून निघाली, आजवर कुठे कुठे मुक्काम केला आणि तिला कुठे जायचं आहे, हे सगळं तिथे वाचायला मिळतं.

दोन प्रकार तुम्हाला सर्वात जास्त दिसतील. पहिला ट्रॅव्हल बग. सैनिकांच्या गळ्यात ओळखपट्टी असते तशी ही पट्टी, आणि तिच्यावर पाठीवर बारकोडच्या रेघा असलेल्या किड्याचं चित्र. जिओकॅशर आपसात बोलताना त्याला नुसतं 'टीबी' म्हणतात. पहिल्यांदा कानावर पडलं तर दचकू नका, आजाराशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा प्रकार जिओकॉइन, म्हणजे कोड कोरलेलं नाणं. पहिलं जिओकॉइन जॉन स्टॅन्ली या जिओकॅशरने 2001 मध्ये काढलं.

मी काही उचललं तर बदल्यात काही ठेवावं लागतं ना?

डब्यातल्या साध्या वस्तूंसाठी हो. ट्रॅकेबलसाठी नाही.

3 मे 2000 रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पहिला डबा लपवला. आदल्याच दिवशी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कपात बंद झाली होती, त्यामुळे साध्या यंत्रानेही जागा नेमकी सापडू लागली होती. त्या पहिल्या डब्यापासूनच 'काही घ्या, काही ठेवा' ही रीत चालत आली आहे. रंगीत खडू घेतलात तर त्याच तोलामोलाचं काहीतरी ठेवून जा. ती अदलाबदल असते आणि घेतलेली वस्तू तुमची होते.

ट्रॅकेबल मात्र कधीच तुमचं होत नाही. ती ठेव आहे. कुणीतरी विश्वासाने रस्त्यावर सोडलेली आणि पुढच्या मुक्कामापर्यंत तुमच्या हाती आलेली. म्हणून तिच्या बदल्यात काही ठेवायचं नसतं आणि ती कायमची ठेवून घ्यायचीही नसते. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

ट्रॅकेबलच्या मुक्कामासाठी म्हणून ठेवलेल्या काही मोठ्या डब्यांना 'टीबी हॉटेल' म्हणतात. तिथे कधी कधी सूचना दिसते, 'एक ठेवल्याशिवाय एक नेऊ नका'. ही त्या डब्याच्या मालकाची इच्छा झाली. ती पाळण्याचं बंधन तुमच्यावर नाही. माझ्या मते अशी अट प्रवाशाला कोंडून ठेवते. एखाद्या बगला पुढे नेणं तुम्हाला शक्य असेल तर खुशाल न्या.

पट्टीवर एक कोड आहे आणि पानावर दुसराच. खरा कोणता?

दोन्ही खरे आहेत, फक्त कामं वेगळी. पानावर दिसणारा, 'टीबी' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक जाहीर असतो. तो कुणालाही दिसतो आणि त्याने फक्त पान पाहता येतं. पट्टीवर ठोकलेला ट्रॅकिंग कोड गुपित असतो. ट्रॅव्हल बगवर तो साधारणपणे सहा अक्षर-आकड्यांचा असतो. वस्तू तुम्ही प्रत्यक्ष पाहिलीत याचा पुरावा तोच, आणि नोंद करायला तोच लागतो. गाडीचा नंबर रस्त्यावर सगळ्यांना दिसतो पण किल्ली मालकाच्या खिशात असते, तसा हा फरक आहे.

म्हणून फोटो टाकताना कोड झाका. पट्टीवर अंगठा ठेवून फोटो काढला की काम भागतं. कोड एकदा जाहीर झाला की घरबसल्या नोंदी करणारे तुटून पडतात. त्या खोट्या नोंदी एकेक करून पुसायचं काम बिचाऱ्या मालकाला लागतं, आणि कोड काही बदलता येत नाही.

रिट्रीव्ह, ग्रॅब, डिस्कव्हर, व्हिजिट, ड्रॉप: यांतलं मी काय निवडू?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगते.

डब्यातून उचलून सोबत नेलंत तर 'रिट्रीव्ह'. संकेतस्थळावर प्रत्येक कॅशच्या पानावर तिथल्या ट्रॅकेबलची यादी असते; वस्तू ज्या कॅशच्या यादीत दिसते तिथूनच घेतली असेल तर हा पर्याय. नोंद झाली की ती तुमच्या खात्यात, म्हणजे तुमच्या इन्व्हेंटरीत येते.

'ग्रॅब'चा परिणाम तोच होतो, पण वाट वेगळी असते. संकेतस्थळाच्या मते वस्तू दुसऱ्याच कुणाच्या हातात किंवा दुसऱ्याच डब्यात आहे, आणि प्रत्यक्षात ती तुमच्याकडे आली आहे, अशा वेळी ग्रॅब. जिओकॅशरांच्या एखाद्या मेळाव्यात कुणी ती थेट तुमच्या हातात दिली तरी ग्रॅबच करायचं.

फक्त पाहिलंत, कोड टिपून घेतलात आणि वस्तू जागेवर ठेवलीत तर 'डिस्कव्हर'. वस्तू हलत नाही, पण ती सुखरूप आहे हे मालकाला कळतं. नव्या माणसाला मी हेच सुचवते. पहिले दोन-तीन ट्रॅकेबल नुसते डिस्कव्हर करा, त्यात हात बसू द्या, मग उचलायला लागा.

'व्हिजिट' म्हणजे वस्तू तुमच्याकडेच आहे, पण एखाद्या कॅशपर्यंत तुम्ही तिला सोबत घेऊन गेला होतात. 'ड्रॉप' म्हणजे ती तिथे ठेवून आलात. हे दोन्ही पर्याय ट्रॅकेबलच्या पानावर शोधत बसू नका. कॅश सापडल्याची नोंद लिहिता ना, त्याच वेळी तुमच्या इन्व्हेंटरीतली यादी दिसते आणि तिथे प्रत्येक वस्तूपुढे काय करायचं ते निवडता येतं.

व्हिजिटबद्दल आणखी थोडं. प्रत्येक कॅशला आपोआप व्हिजिट लावायची सोय आहे आणि पुष्कळ लोक ती चालू ठेवतात. एका दिवसात तीस डबे शोधले तर मालकाला व्हिजिटच्या तीस रिकाम्या नोंदी मिळतात. दुसऱ्याच्या वस्तूच्या बाबतीत मी असं करत नाही. जागा खरोखर दाखवण्यासारखी असेल तर व्हिजिट, सोबत एक फोटो आणि दोन ओळी. स्वतःच्या वस्तूला हवं तितकं फिरवा, तिथे तुमचाच हिशेब.

कोणतं उचलावं, कोणतं नाही?

उचलण्याआधी त्याचा उद्देश वाचा. कधी तो पट्टीसोबतच्या कागदावर लिहिलेला असतो, नाहीतर पानावर सापडतो. 'मला समुद्र बघायचाय', 'मला फक्त डोंगरमाथ्यावरच्या कॅशमध्ये ठेवा', 'मला उत्तरेकडे न्या' असं काहीतरी असतं. तुमचा रस्ता त्या दिशेने जात असेल तर उचला. उलट्या दिशेने जात असेल तर डिस्कव्हर करून राहू द्या. उद्देश काहीच लिहिलेला नसेल तर पुढे नेलंत तरी चालतं.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: येत्या पंधरवड्यात मी पुन्हा कॅश शोधायला जाणार आहे का? खात्री नसेल तर हात लावू नका. न उचलण्यात कसलाही कमीपणा नाही.

किती दिवस ठेवून घेतलं तर चालतं?

साधारण दोन आठवडे. त्याहून जास्त लागणार असेल तर ट्रॅकेबलच्या पानावर 'राईट नोट' करून कारण लिहा, नाहीतर मालकाला निरोप पाठवा. बहुतेक मालक खुशीने मुदत देतात. काहीच न कळवणं मात्र त्यांना लागतं.

पुढे कुठे ठेवावं?

ती आत नीट मावेल अशा कोरड्या, शाबूत डब्यात. मायक्रो आकाराच्या कॅशमध्ये जेमतेम चिठ्ठी मावते, तिथे पट्टी कोंबली की झाकण नीट लागत नाही, पाणी शिरतं आणि चिठ्ठीचा लगदा होतो. त्यामुळे स्मॉल किंवा त्याहून मोठी कॅश निवडा. जाण्याआधी त्या कॅशच्या अलीकडच्या नोंदी वाचा. 'डबा ओला', 'झाकण फुटलंय', 'सापडला नाही' असं कुणी लिहिलं असेल तर ती जागा टाळा. वर्षातून दोनदाच कुणी फिरकतं अशा आडबाजूच्या डब्यातही नको, नाहीतर प्रवासी तिथेच अडकून पडतो.

ठेवताना झिपच्या छोट्या पिशवीत घाला आणि उद्देशाचा कागद सोबत आहे ना ते बघा. कागद भिजून फाटला असेल तर पानावरचा मजकूर नव्या कागदावर उतरवून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याने पुढच्या माणसाचा गोंधळ वाचतो.

यादीत दिसतंय, पण डब्यात नाही. कुणी चोरलं का?

लगेच तसं समजू नका. कुणीतरी कालच उचललं असेल आणि नोंद करायची राहिली असेल. ट्रॅकेबलच्या पानावर 'अमुक तारखेला डब्यात दिसलं नाही' अशी नोट टाका. महिनोन् महिने तीच परिस्थिती राहिली तर वस्तूचा किंवा कॅशचा मालक ती हरवल्याची खूण करतो. मग ती यादीतून निघते आणि तिच्यासाठी म्हणून त्या डब्यापर्यंत येणाऱ्यांची पायपीट वाचते. उद्या कुठे सापडली तर नुसतं ग्रॅब केलं की प्रवास पुन्हा सुरू.

उलटं झालं तर? डब्यात आहे, पण यादीत नाही.

आधीच्या माणसाने ठेवलं खरं, पण ड्रॉपची नोंद अजून केलेली नाही. असं फार वेळा घडतं. तो कदाचित अजून प्रवासातच असेल. दोन-तीन दिवस थांबा. त्याने ड्रॉप केलं की तुम्ही नीट रिट्रीव्ह करू शकता आणि त्या कॅशचा मुक्काम नकाशावर उमटतो. तुम्ही घाईने ग्रॅब केलंत तर तो मुक्काम गळतो. तो गडी आठवडाभरात हललाच नाही तर ग्रॅब करा आणि वस्तू नेमकी कुठे मिळाली ते नोंदीत लिहा.

एक प्रसंग आणखी किचकट असतो. तुम्ही उचललं, पुढच्या कॅशमध्ये ठेवलं, आणि तुमची नोंद होण्याआधीच तिसऱ्याने ते तिथून उचललं. आता तुम्ही ग्रॅब केलंत तर कागदोपत्री वस्तू त्याच्या हातातून हिसकावून घेतल्यासारखं होतं. अशा वेळी डिस्कव्हर करा, काय घडलं ते दोन ओळींत सांगा आणि विषय सोडून द्या.

कोड टाकला तर 'असा कोड नाही' म्हणतंय.

आधी डोळे तपासा. झिजलेल्या पट्टीवर आठ आणि बी, पाच आणि एस, शून्य आणि ओ सारखेच दिसतात. पट्टी उजेडात तिरपी धरा, नाहीतर कोडावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासा, ठसा स्पष्ट उमटतो. तरीही जमलं नाही तर जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाऐवजी दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेची वस्तू असू शकते. पोलंडमध्ये सुरू झालेली जिओक्रेटी ही अशीच एक व्यवस्था. तिथले कोड मोफत मिळतात आणि नोंद त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते. 'क्रेत' म्हणजे पोलिश भाषेत चिचुंद्रीसारखा जमिनीखालून फिरणारा प्राणी. वस्तूवर संकेतस्थळाचं नाव छापलेलं असतं, आधी ते शोधा.

यासाठी पैसे भरून सभासद व्हावं लागतं का?

नाही. मोफत खातं पुरतं.

गाडीच्या काचेवर आणि कुणाच्या टी-शर्टवरही कोड दिसला. तो ट्रॅकेबलच का?

हो. काही वस्तू फक्त दिसण्यासाठी असतात. स्टिकर, शर्ट, टोपी यांवरचा कोड टिपून घ्यायचा आणि डिस्कव्हर करायचं. मेळाव्यात एखाद्याने आपला जिओकॉइनचा संग्रह टेबलावर मांडला असेल तर तिथेही हेच, पण आधी विचारा. लॉगमध्ये नुसतं 'पाहिलं' न लिहिता कुठे पाहिलं आणि काय आवडलं ते लिहा. त्या माणसाने ती नाणी वर्षानुवर्षं जमवलेली असतात.

आजवर ट्रॅकेबल सर्वात लांब कुठे पोहोचलं आहे?

मंगळावर. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या गाडीवर शेरलॉक नावाचं उपकरण आहे. ते अचूक मोजतंय ना हे तपासण्यासाठी एक नमुना-फलक सोबत पाठवला आहे. त्यात अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात ते पॉलिकार्बोनेट आहे आणि त्या तुकड्यावर एक ट्रॅकिंग कोड कोरलेला आहे. गाडी 18 फेब्रुवारी 2021 रोजी मंगळावर उतरली, कॅमेऱ्याने त्या फलकाचा फोटो पृथ्वीवर पाठवला, आणि जगभरच्या लोकांनी त्यावरून ते ट्रॅकेबल डिस्कव्हर केलं. फोटोवरून नोंद करायला मालकाचीच संमती आहे, असं हे विरळ उदाहरण. त्याआधी 2008 मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरिएट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कॅश ठेवली होती, तेव्हाही एक ट्रॅव्हल बग त्यांच्यासोबत गेला होता.

मला स्वतःचा बग सोडायचाय. सुरुवात कशी करू?

बग विकत घेतलात की सारख्याच कोडाच्या दोन पट्ट्या मिळतात. एक वस्तूला लावायची, दुसरी घरी जपून ठेवायची. आधी संकेतस्थळावर तो सक्रिय करावा लागतो. त्यासाठी ट्रॅकिंग कोडाशिवाय आणखी एक सक्रियता कोड लागतो, तो ट्रॅकिंग कोड टाकून संकेतस्थळावरून मिळवता येतो. सक्रिय न करता डब्यात टाकलात तर सापडणाऱ्याला नोंदच करता येत नाही. नव्या मालकांची ही चूक मी कितीदा तरी पाहिली आहे.

सोबतची वस्तू निवडताना जीव अडकेल असं काही लावू नका. आजीचं लॉकेट, पहिलं पदक, मुलाच्या पाळण्यातलं खेळणं, असं काहीच नको. परत येणार नाही असं धरूनच ते सोडायचं असतं. वस्तू लहान हवी, नाहीतर ती मोठ्या डब्यांतच अडकते. काच नको, खायचं नको, पाण्याने फुगणारं कापडी तर नकोच. मी एकदा लोकरीचा ससा सोडला होता. दुसऱ्याच डब्यात तो ओला झाला, आणि ज्या भल्या माणसाला तो सापडला त्याने वाळवून, बुरशी घासून मग पुढे पाठवला. त्यानंतर मी लाकूड, धातू किंवा कडक प्लास्टिक यांपलीकडे जात नाही.

उद्देश थोडक्यात आणि जमण्यासारखा लिहा. 'जगातली सगळी दीपगृहं बघायची' यापेक्षा 'मला पाण्याजवळच्या कॅश आवडतात' हे बरं, कारण सापडणाऱ्या कुणालाही ते थोडंफार पुरं करता येतं. तो मजकूर कागदावर लिहून लॅमिनेट करा आणि वस्तूसोबत बांधा. त्यात एक वाक्य नक्की घाला: 'मी प्रवासी आहे, भेटवस्तू नाही, कृपया मला पुढच्या कॅशमध्ये ठेवा.' बरेच बग हरवतात ते चोरीमुळे नाही, तर उचलणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून.

आणि तरी हरवलाच तर?

घरची दुसरी पट्टी काढा, तशीच दुसरी वस्तू लावा आणि त्याच कोडावर प्रवास पुढे चालू करा. आधीचे मुक्काम आणि अंतर तसंच राहतं. पण थोडी वाट बघा. कधी कधी दोन-तीन वर्षांनी, खेळ सोडून दिलेल्या कुणाच्या कपाटातून बग बाहेर येतो.

माझ्याच कपाटात एक सापडलाय. वर्ष उलटून गेलं. आता मालकाला तोंड कसं दाखवू?

मीही यातून गेले आहे. होडीच्या आकाराची किल्लीची कडी असलेला एक बग घर बदलताना खोक्यात गेला आणि अकरा महिन्यांनी हाती आला. पान उघडलं तर त्यावर मालकाच्या दोन नोट होत्या. पहिली फार साधी होती, 'कसा आहे माझा प्रवासी?' दुसरी चार महिन्यांनंतरची, त्यात फक्त एक प्रश्नचिन्ह. मला रडू आलं. मी कारणं न देता लिहिलं की चूक माझी आहे, होडी शाबूत आहे आणि येत्या रविवारी तळ्याकाठच्या कॅशमध्ये ठेवते. तासाभरात उत्तर आलं, 'ती आहे एवढंच कळायला हवं होतं.'

तुम्हीही आजच नोट टाका, वस्तू हातात धरून फोटो काढा, अंगठा कोडावर ठेवा. मग येत्या सुट्टीला जवळचा एखादा कोरडा डबा गाठा, वस्तू आत ठेवा आणि घरी पोहोचल्यावर ड्रॉपची नोंद करायला विसरू नका.